चिमूटभर

हाले गावाचं नावच म्हणे मिठावरून पडलं,
आणि समुद्र पाच तास उत्तरेला.
म्हणून तो मी घरी घडवते, एक शनिवार आड,
बादलीत: वीस लिटर गाळलेलं पाणी,
सातशे ग्रॅम मीठ, लाकडी उलथनं.
वडील दारातून विचारतात, "सूप का?"
मी म्हणते, "हो, माशांचं."
ते हसतात. पुढच्या खेपेला तोच विनोद,
तितकाच ताजा.

ऑक्टोबरात खडकावर पहिली लव दिसली.
मिसरूड फुटावी तशी, कोवळी.
मी कौतुकच केलं थोडं.
नाताळपर्यंत दाढी झाली.
प्रवाळाच्या मानेभोवती, पंपाच्या तोंडात,
आणि काच तर सकाळी पुसावी,
संध्याकाळी पुन्हा बोटाने नाव लिहिण्याइतकी हिरवी.

दुकानातला थोराल्फ म्हणाला, दिवा कमी कर.
केला. नऊ तासांचे सहा.
म्हणाला, पाणी तपास.
नळीत थेंब मोजले, हलवलं,
घड्याळ लावून रंगाची वाट पाहिली:
फॉस्फेट, शाईसारखं निळं.
गाळणीचा पडदा बदलला. मिठाची कंपनी बदलली.
सहा गोगलगायी आणल्या; एक उताणी पडली
आणि रात्रभर तिला सरळ करायला कुणी नव्हतं.
एक अर्चिन आणला, काटेरी, मुठीएवढा,
तो डोक्यावर शिंपला घेऊन हिंडतो
टोपी घालून बाजाराला निघाल्यासारखा,
चरतो कमी, मिरवतो जास्त.
दात घासायच्या ब्रशने खडक घासले,
नखांच्या कडा मिठाने सोलल्या.
शेवटी तीन दिवस टाकीवर जुनी रजई.
चौथ्या सकाळी शेवाळ जरासं फिकं होतं,
आणि वडील रजईला हात लावून उभे:
"कोण गेलं?"

चोर सोडून संन्याशाला सुळी, ते हे असं.

फेब्रुवारीत ट्रामचा संप. मी घरीच,
स्वयंपाकघराच्या दाराआड, हातात कॉफी.
नऊला ते आले, डबा उघडला, चिमूट टाकली.
"खा रे." काचेवर टिचकी.
नऊ वीसला आले. डबा उघडला.
"अरे, तुम्हाला कुणी काही दिलंच नाही?"
दहाला. सव्वादहाला, कोट घालून,
बाहेर निघण्याआधी म्हणून,
मग बाहेर गेलेच नाहीत.
मासे प्रत्येक वेळी धावत आले.
ते कशाला सांगतील?

दुपारपर्यंत अकरा.
विल्फ्रीड टेशनर, अडतीस वर्षं ट्रामचे चालक,
अर्धं मिनिट उशीर झाला तर दिवसभर घुमे.
कॉफीवर साय धरली होती.
चार महिने मी जे खरवडत होते
ते त्यांनी दिलेलं होतं, सगळं,
आणि दिल्याचं त्या खडकांखेरीज
कुणाच्याच लक्षात नव्हतं.

त्यांच्या गोळ्यांचा सात खणांचा डबा आहे, सोम ते रवि.
तसाच दुसरा आणला, पिवळा,
खणाखणात माशांची एकेक चिमूट.
मोठा डबा माझ्या कपाटात, बुटांमागे.
पहिल्याच गुरुवारी माशांचं त्यांनी खाल्लं
आणि रक्तदाबाची गोळी बोटांत धरून
टाकीशी विचारात उभे राहिले:
"ही जरा मोठी नाही का त्यांना?"
तेव्हापासून पिवळा डबा टाकीलाच, दोरीने बांधलेला.

आता मार्च. नळीतला निळा उतरतोय.
शेवाळ सुटं होऊन गाळणीत येतं,
गोगलगायी पाचच, पण लठ्ठ.
मागच्या कोपऱ्यात पंपाखाली एक झुबका राहू दिलाय.
थोराल्फला सांगितलं, तिथे हात पोचत नाही.

दिवसातून कितीदा तरी ते रिकामा खण उघडतात.
"आज दिलं वाटतं मी."
"दिलंत, पप्पा."
"किती?"
"चिमूटभर."
मग खुर्ची ओढून समोर बसतात,
अर्चिनने आज कुठली टोपी घातली ते पाहायला.