मालमत्तेची यादी

कायदा असा होता, की पेन्शन हवं
तर म्हाताऱ्यानं आधी शपथेवर गरीब ठरायचं.
मी कोर्टाचा कारकून. वय एकोणीस. बोटांना शाई.
अ‍ॅसाहेल थ्रॉल समोर बसला,
गुडघ्यावर टोपी, मांजर घेऊन बसावं तशी.

"एक गाय," तो म्हणाला. "शिंग एकच.
एक कढई, तळाला ठिगळ.
कुऱ्हाडी दोन. दुसरीला दांडा नाही,
आणि पहिलीला आता हात नाही."
मी लिहिलं : कुऱ्हाडी, दोन.

"शिवाय कमरेत शिसं, अर्धा औंस.
इंग्रजांचं आहे. माझ्यात धरायचं का त्यांच्यात?"
न्यायाधीश खोकले.
मी टाक दौतीत बुडवून तसाच धरला.

सात वर्षं लढल्याचा पगार म्हणून कागद मिळाले होते.
खानावळवाली बाई एका जेवणाला तसले चाळीस मागायची,
आणि मीठ वेगळं.
मग आणखी एक कागद आला, जमिनीचा :
मस्किंगम नदीच्या अलीकडे शंभर एकर.
"शंभर एकर जमीन," तो म्हणाला,
"आणि वर आभाळ म्हणाल तर ताटाएवढं."

मेहिटाबेलनं पहिल्या दिवशी झाडं मोजायला घेतली.
तीनशेपर्यंत मोजली,
मग पदर नसलेल्या त्या ओसाडीत
हात झटकले आणि चूल मांडली.

"झाडं तोडायला माणसं कुठं होती?
सालीचं कडं काढायचं नि वाट बघायची.
उभ्या उभ्या वाळतात.
वाऱ्याच्या रात्री फांद्या कोसळायच्या,
मी खाटेखाली, हातात नसलेली बंदूक.
ती वरूनच म्हणायची,
मॅपल पडला, अ‍ॅसा. मॅपलच. वर ये."

एवढं बोलून थांबला. मग मला विचारलं,
कायद्यात कपडे आणि अंथरूण धरत नाहीत ना?
नाही, मी म्हणालो.
"मग तिची रजई राहू दे."

न्यायाधीशांनी घड्याळ काढलं.
आणखी काही? काही येणं, काही देणं?

म्हाताऱ्यानं टोपी एकदा उलटी केली, पुन्हा सुलटी.
म्हणाला, झाडांखाली जमीन सपाट नव्हती.
हातहातभर अंतरावर उंचवटे, रांगेनं,
त्यांवर पालापाचोळा आणि मनगटाएवढाली रोपटी.
कुणीतरी तिथं मका लावत होतं.
फार जुनी गोष्ट नव्हे.
नांगर नव्हता माझ्याकडे.
पहिल्या वर्षी त्याच उंचवट्यांत दाणे टोचले.
मका असा आला, असा आला, की लाज वाटली.

"तिसऱ्या वर्षी कापणीत एक डेलावेअर बाई आली,
माझ्या आईच्या वयाची.
कडेला उभी राहून रांगा मोजत होती.
ओठ हलताना दिसत होते.
एक कणीस सोललं, दाणे बघितले,
ते माझ्या कुंपणावर ठेवलं आणि गेली.
तेव्हापासून कडेची रांग मी कापत नाही.
सव्वीस वर्षं झाली. हरणं खातात.
आता हे कुठं लिहायचं ते तुम्ही सांगा."

मी पानाकडे पाहिलं. रकाने दोनच होते.
डाव्या बाजूला लिहिलं : मका, एक रांग.
किंमत लिहायची जागा कोरी.
न्यायाधीशांनी वाकून वाचलं,
नखानं त्या ओळीखाली रेघ ओढली आणि म्हणाले, खोडा.

खोडली. पण बारीक टाकानं.

बेरीज : एकतीस डॉलर, साठ सेंट.
गरीब, कायद्यानुसार पुरेसा.
त्यानं सही केली, अक्षरं एकेक करून,
ओल्या लाकडावर घाव घालावा तशी दाबून.

बाहेर खांबाला गाय बांधलेली होती.
बारा मैल चालवत आणली होती तिला,
कोर्टाला एकच शिंग दाखवायला.
कुणी पाहायला मागितलं नाही.
त्यानं दावं सोडलं, तिच्या मानेवर थाप मारली
आणि दोघंही, एकाच बाजूला लंगडत,
चिखलाच्या रस्त्यानं परत निघाली.