जाणं-येणं आठ मीटर

सावद्यात मी बोअरच्या मोटारी भरतो, तीस वर्षं.
आठशे फुटांवरून केळीला पाणी चढवायचं
तर वायर कुठली, हे झोपेत सांगेन:
हिशेबात येईल त्याहून एक नंबर जाड.
खाली पाइपाला बांधलेली ती,
तिचं ओझं कुणाच्या डोक्यावर नसतं.

दिगंबर फालक, भुसावळच्या लोको शेडमधून निवृत्त,
बंद पडलेल्या जिनिंगमध्ये चार वर्षं विमान करताहेत.
दोन माणसांचं, लाकडी, पंखांवर कापड.
मला बोलावलं ते स्टार्टर फिरेना म्हणून.
बटण दाबलं की टक्.
पुढचं पातं वीतभर हलतं,
मग पुन्हा टक्.

बॅटरी मागे, सीटच्या पाठीशी.
"पुढं ठेवली तर नाक पडतं."
म्हणजे जायला चार मीटर,
आणि लाकडाला वीज कळत नाही,
यायलाही चार.
मीटर लावला. बटण दाबल्यावर
बॅटरीपाशी अकरा, स्टार्टरपाशी नऊ.
"दोन व्होल्ट गेले कुठं?"
"वाटेत जेवले," मी म्हणालो.
धंद्यातला जुना विनोद.
ते हसले नाहीत,
खडूने भिंतीवर आकडा लिहिला.

वायर सोळा एमएमची होती.
"पस्तीस टाका."
त्यांनी कोपऱ्यातला केळीचा काटा ओढला,
आधी सोळाची गुंडाळी ठेवली, मग पस्तीसची.
"दीड किलो जास्त.
म्हणजे दोन लिटर पेट्रोल.
म्हणजे सात मिनिटं."
किलोची मिनिटं होतात
हे मला बोअरमध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

पण एक मलाही ठाऊक होतं.
पंप दिवसभर ओढतो, वायर तापते, मोटार जळते,
त्यावरच माझं घर चाललं.
हा स्टार्टर तीन सेकंदांचा पाहुणा,
तापायच्या आत उठून जाणारा.
इथं भीती जळण्याची नाही,
उपाशी पोचण्याची.

रात्री नऊपर्यंत भांडलो.
शालिनीबाई, ज्यांना दुसऱ्या सीटच्या वजनासाठी
त्याच काट्यावर दर महिन्याला उभं केलं जायचं,
दारातूनच म्हणाल्या,
"दुसऱ्या गावाले उतरलो
अन् हे सुरूच नाही झालं,
तं ढकलीन कोन?
माहा डबा कमी करा, वायर नका करू."

पंचवीस ठरली.
वेल्डिंगची, केसांसारख्या तारांची, हवी तशी वळणारी.
लग दाबताना दिसलं:
इंजिनच्या पायाशी, जुन्या लगाखाली, निळा रंग.
अर्धा व्होल्ट तोच गिळत होता.
रंग फालकांनीच दिलेला, दोन हात, चकाकता.
मी खरवडला. ते दुसरीकडे बघत राहिले.

जानेवारीतली सकाळ,
केळीची पानं करपवणारी थंडी.
चाकांना विटा लावल्या, शेपूट खांबाला बांधली.
फालकांनी बटण दाबलं
आणि पातं दिसेनासं झालं.
जुन्या सरकीची धूळ उठली शेडभर,
शालिनीबाई पदर नाकाला लावून उभ्या,
आणि मी, मूर्खासारखा, मीटरच वाचत होतो:
नऊ पूर्णांक नऊ.

ते अजून उडालेलं नाही. कागद बाकी आहेत.

उरलेला अर्धा मीटर तुकडा माझ्या दुकानात
खिळ्याला टांगलाय.
गिऱ्हाईक विचारतं, ही कोणत्या बोअरची?
मी तो काढतो, त्याच्या हातात देतो.
"एकशे चाळीस ग्रॅम," मी सांगतो.
"हे खालीच राहिले."