येळ्ळूरच्या माळावर

मक्तुमसाबनं टांगा मोडीत काढला तेव्हा
घोडी आणून सोडली माझ्याकडे, येळ्ळूरच्या माळावर.
म्हणाला, दावं नको. साज तर नकोच.
खडेमीठ ठेव, आणि आठवड्याला खूर बघत जा.

तरी मी पत्र्याची शेड घातली. साडेचार हजार गेले.
तिच्यात आता कल्लव्वाच्या शेळ्या बसतात.

आषाढात घोडी वाऱ्याला पाठ देऊन उभी असते
शेपूट मांड्यांत दाबून,
पाणी पाठीवरून वाट काढत पोटाखाली गळतं.
रस्त्यानं जाणारे ओरडतात : अहो, घोडी भिजूलालीय!
मी जातो. आयाळीखाली हात सारतो.
आत, केसांच्या मुळाशी, कोरडं
आणि नुकत्या उतरलेल्या भाकरीइतकं ऊन.

थंडीत तिला अस्वलासारखे केस येतात.
शिमग्याला झडतात,
साळुंक्या घरट्यासाठी उचलून नेतात.

परवा मक्तुमसाब आला, काठी टेकत.
‘बा, कुदरी, बा’ म्हणाला दोनतीनदा.
ती आली नाही.
लांबूनच एक कान वळवला
आणि परत चरायला लागली.

तो बराच वेळ बांधावर बसून होता.
जाताना एवढंच म्हणाला,
खूर चांगले ठेवलेस.