सहभागी क्रमांक तेवीस

रिपोर्टात तिचं नाव नाही, हे खरं आहे.
मॅडम फोनवर दोनदा म्हणाल्या, नाव कुठेच नाही, बघ तू.
मी बघितलं. पान एकेचाळीस:
सहभागी २३. वय बावन्न. मासळी सुकवते.
नवरा ट्रॉलरवरून परतला नाही.
डाव्या कानाची पाळी तुटलेली.

बासष्ट उंबऱ्यांचं गाव, आचऱ्याच्या खाली.
तुटक्या पाळीचा कान एकच.

अभ्यास झोपेचा होता. किनाऱ्यावरच्या बायकांची झोप.
छत्तीस प्रश्न, आणि तळाला
"आणखी काही सांगायचं आहे का?"
तिथे बहुतेकजणी नाही म्हणायच्या
आणि कोकमाचं सरबत आणायला आत जायच्या.

संमतीपत्रक माझ्याच तोंडून मालवणी व्हायचं.
"आपण कधीही माघार घेऊ शकता."
भरतीआधी साकवापलीकडची तीन घरं उरकायची असायची,
मी म्हणायचे, नको वाटला तर सांग गो.
ती म्हणाली, तू इचारतंस म्हणान सांगतंय.
अंगठा पुढे केला नाही तिने, सही केली,
जाळ्याची गाठ आवळावी तसं एकेक अक्षर ओढून.
सही माझ्या शब्दावर होती.
कागदावर छापलेलं नाव मॅडमचं.

तळाच्या ओळीखाली ती जे बोलली
ते मी काना-मात्रेसकट उतरवलं. शाबासकी मिळाली त्याची.
"तो बुडल्याची खबर इली त्या राती
माका पयल्यांदा झोप लागली."

पुढच्या वर्षी मराठी सारांश ग्रामपंचायतीला सप्रेम भेट आला.
कुणीतरी पान एकेचाळीसचा फोटो काढला.

कुणी भांडलं नाही. दगड तर नाहीच नाही.
फक्त लिलावात, गिरणीवर, तिठ्यावर एसटीची वाट बघताना,
अगदी मायेने:
काय गो, झोप लागता मा?

ती आली तेव्हा पायरी चढली नाही.
"माजा बोलणा माका परत दी."
मी म्हटलं, विचारते.
विचारलं. उत्तर आलं की विश्लेषण पूर्ण झालं आहे,
तेवीस काढला तर टक्केवारी बदलते.
एकशे चोवीस बायका. एक वजा केली तर
पॉइंट आठ.

आमच्याकडे रापण ओढून झाली की
वाळूवर वाटे घालतात, आणि एका पोराला
पाठमोरं उभं करतात.
एकजण वाट्याला हात लावून विचारतो, हो कोणाचो?
पोर नाव घेतं. ढीग त्याला दिसत नाही,
म्हणून कुणाची तक्रार नसते.
दोरीच्या शेपटाला हात लावलेल्यालाही वाटा मिळतो.
आठ वर्षांची असताना मी चार मांदेल्या
फ्रॉकच्या ओच्यातून घरी नेल्या आहेत.

एकशे चोवीस झोपा आम्ही किनाऱ्याला ओढल्या.
वाटे कधी घातलेच नाहीत.
आणि आमचं पोर
ढिगाकडे तोंड करून उभं होतं, मोजत.
ते पोर मीच.

आता सांगते. कान तुटका नव्हता.
वय बावन्न नव्हतं, गाव आचऱ्याच्या खाली नाही,
आणि ते वाक्य मी रचलेलं आहे.
तिचं याहून साधं होतं,
आणि ते मला पाठ आहे, त्याला इलाज नाही.

लिहिण्याआधी मी तिच्याकडे गेले होते.
या वेळी सावकाश विचारलं, भरती येऊन गेली तरी चालेल असं.
तिने मान वर केली नाही. म्हणाली, नको.

म्हणून ती या कवितेत नाही.
इथे आहे ती वही घेऊन फिरणारी बाई.

त्या दुपारी चटईवर गोलमो सुकत पडला होता.
मी त्यातली बारकी कुर्ली वेचत बसले.
तिने एकदा सूप माझ्याकडे सरकवलं.
मी काही विचारलं नाही.