पंच क्रमांक दोन

बेलीफ आले ते ओहोटीला.
मुद्दाम वेळ साधली होती की एसटीच तेव्हाची, कोण जाणे.
होडी चिखलात कललेली, हसनमियाँ घरी,
आणि मी समोर माझ्या मशीनवर
काझींच्या नातवाच्या कुर्त्याला काजं करत.

"दोन पंच लागतात," म्हणाले.
"एक मिळाले. तुम्ही या. पाच मिनिटांचं काम."
गळ्यातली टेप काढायचीसुद्धा राहिली.

चपला त्यांनी उंबऱ्याबाहेर काढल्या.
हे सांगायला हवं, कारण नंतर गावात भलतंच बोललं गेलं.
आवाज चढवला नाही. पाणी मागून प्यायले,
पेला विसळून पालथा घातला.
पतसंस्थेचा पोरगा मोबाइलवर फोटो काढत होता,
त्याला म्हणाले, "बाईमाणसांचे नको."
मग मांडीवर पॅड घेऊन लिहू लागले:

लोखंडी कपाट, एक, आरशासह. जुने, वापरते.
टीव्ही, एक. जुना, वापरता.
फ्रीज, एक. दार नाडीने बांधलेले.
(नाडी माझ्याच दुकानातली. कशाला हवी, विचारलं नव्हतं.)
होडीचे इंजिन, दोन सिलिंडर.
त्याचा नंबर हसनमियाँनी तोंडपाठ सांगितला.
मुलाची जन्मतारीख विचारली असती, तर अडखळले असते.

भांडी नाहीत. अंथरुणं नाहीत. अंगावरचे कपडे नाहीत.
"हे कायद्यानं सोडावं लागतं," बेलीफ म्हणाले,
आणि फळीवरच्या टोपांकडे
आम्ही सगळ्यांनीच एकदम बघितलं.

तीस वर्षं या घराची मापं माझ्या वहीत आहेत.
हसनमियाँचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली,
जाळं ओढून ओढून. शर्ट बेतताना मी ते झाकतो.
झाकणं हा माझा धंदा.
आज मात्र टेप गळ्यात, आणि बघायला बोलावलेला.

दाराआडचा मिक्सर बेलीफांना दिसला.
मला दिसलं की त्यांना दिसला.
पेन पुढच्या ओळीवर सरकलं.

तेवढ्यात रुकय्याभाभी पडद्याबाहेर आली.
"तो पन लिवा."
"असू दे हो, भाभी."
"असू दे कशाला? सगला लिवा.
उद्या कोन बोलायला नको, रुकय्यान रडून ठेवून घेतलान."

बेलीफांनी पेन झटकलं. चालत होतं, तरी झटकलं.
मिक्सर, एक.
जुना की नवा, ते लिहिलं नाही.

मग घाई झाली. दिवस मावळला की म्हणे
त्यांना कुणाच्या घरात शिरायची मनाई.
समक्ष पंच: अनंत रामा मिरकर, वय ५४, धंदा शिलाई.
हात कापेल वाटलं होतं.
सही झोकदार आली. बँकेत येत नाही इतकी.

एसटी चुकली. बेलीफ खाडीच्या पुलापर्यंत चालत गेले,
पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत.
कुणी गाडीवर घेतलं नाही.
माझी स्कूटर दारातच होती. मीही नाही.

इंजिन टेम्पोतून गेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी
त्यांची नात आली, दोन्ही हातांत फडकं धरून.
"दादीन दिलान."
तिसऱ्यांचं कालवण. खाडीत गुडघाभर पाण्यात उतरून
हातानं काढायच्या त्या, त्याला इंजिन लागत नाही.
आम्ही जेवलो. चव तीच होती, नेहमीची,
म्हणून बायको दुसऱ्यांदा वाढेना.

टोप घासून ठेवलाय. रिकामा परत करायचा नसतो.
बायको म्हणते, साखर घाला. म्हणते, तांदूळ घाला.
शेवटी म्हणाली, काहीतरी घाला हो, पण देऊन या.
वीस पावलांवर दार.

जर्मनचा टोप, एक, कडेला पोचा.
माझ्या फळीवर.
आज पंधरावा दिवस.