दोन हातोड्या

एकतीस वर्षं बडोदा स्टेशनात
काचेच्या अर्धगोल भोकामागे बसले मी.
"बेन, दाहोदनी गाडी केटला वागे?"
"बाई, नागद्याला कुठली?"
नावं तोंडात मोडून आणायचे लोक,
मी ती सांधून परत द्यायचे, वेळेसकट.

आता दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
खालच्या सेवउसळीचा ठसका खिडकीतून येतो आहे
आणि माझ्याच तोंडात एक नाव मोडतंय:
ब्रेत्स्लाव्ह.
व्हिएन्नाहून निघून तिथे गाडी बदलायची, हाताशी सहा मिनिटं.
भाची ब्रनोला असते, पाच जुलैला तिशीची होणार,
म्हणाली, मावशी, सोपं आहे गं, फोनवर सगळं दिसतं.

दिसतं खरं. चार ठिकाणी चार.
एक म्हणतं दोन वाजून नऊ मिनिटं, दुसरं म्हणतं सतरा,
तिसऱ्याला आधी माझा ईमेल हवा,
चौथं नुसतं एक करडं पान, तिथल्या रेल्वेचं,
ना चित्र, ना जाहिरात.

मग जुनी युक्ती केली.
नवा माणूस खिडकीवर रुजू झाला की आम्ही त्याला
आम्हाला पाठ असलेलंच काहीतरी विचारायचो.
तसं एकेकाला विचारलं: प्रतापनगर ते डभोई?
पहिल्यानं मला अहमदाबादवरून फिरवलं, एकोणीस तास.
(काकाची सासुरवाडी डभोईची. छोट्या गाडीनं जायचो,
दुपारचं जेवून दिवेलागणीला घरी.)
दुसऱ्यानं डभोईत हॉटेल काढून दिलं, पोहण्याच्या तलावासकट.
तिसऱ्याला ईमेल दिलाच नाही.
करड्या पानानं एक ओळ लिहिली:
ही स्टेशनं आम्हाला माहीत नाहीत.
खुर्ची पुढे ओढली मी.

"माहीत नाही" म्हणायला मला एकदा जमलं नव्हतं.
नव्वद सालचा जुलै, नवं वेळापत्रक लागून दोनच दिवस,
पुस्तकं आलेली, गठ्ठ्याची सुतळी सुटलेली नाही,
आणि रांग पार पायऱ्यांपर्यंत.
जुन्या पाठांतरातून मी एकाला दाहोदची वेळ फेकली.
तासाभरानं तो परत आला.
इस्त्रीचा शर्ट, हातात पुठ्ठ्याची फाइल,
फाइलवर निळ्या पेननं कंपनीचं नाव, खाली "मुलाखत".
भांडला असता तर बरं झालं असतं.
एवढंच विचारलं त्यानं, हवे पछीनी केटला वागे?
मी सुतळी दातानं तोडली.

करड्या पानावर दोन नऊच्या शेजारी एक बारीक खूण होती,
एकमेकींवर आडव्या टाकलेल्या दोन हातोड्या.
शेजारचा कैरव म्हणाला, आंटी, डिझाइन असेल.
डिझाइन कसलं! वेळापत्रकात उगाच काही नसतं.
चष्मा बदलून तळटिपांत उतरले.
हातोड्या म्हणजे कामाचे दिवस.
क्रूस म्हणजे रविवार आणि सण.
आणि पाच जुलै?
तिथल्या कुठल्याशा दोन संतांची सुट्टी.
म्हणजे दोन नऊची गाडी त्या दिवशी नाहीच.
दोन सतराची तर गाडीच नव्हे, बस.
तीन एकोणीसची आहे, क्रूसवाली.

लाल पेन्सिलनं कागदावर उतरवून घेतलं.
कैरवला म्हटलं, फोनमध्येही ठेव,
नेट नसलं तरी उघडेल असं,
आणि निघायच्या आदल्या रात्री पुन्हा विचारायचं.
वेळापत्रकाचं दुधासारखं असतं,
कालचं आज तापवून बघावं.
भाचीला कळवलं: तासभर उशीर होईल, केक कापून टाका.

ब्रेत्स्लाव्हला सव्वा तास मिळतो आहे मला.
चौकशीची खिडकी असलीच
तर समोरच्या बाकावर बसेन, डबा उघडेन,
आत कोण बसतं ते बघेन.
नाव नीट उच्चारता येत नाही तोवर
रांगेत मात्र उभी राहणार नाही.