रकाना : वर्तन

इथे वाडी म्हणजे कोरडी नदी.
पहिल्या महिन्यात मी घरं शोधत होतो;
वाडी म्हटल्यावर दहा उंबरे तरी असतील, एखादं कुत्रं.
खल्फान हसला. गाडी गोट्यांवरून धडधडत राहिली
हाजरच्या डोंगरांच्या पोटात.

माझं काम कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या बदलण्याचं.
सतरा कॅमेरे, कातळाला पट्ट्यांनी आवळलेले,
आणि एक वही, तिच्यात रकाने :
तारीख, वेळ, तापमान, नर की मादी, वर्तन.

ऑगस्टात ताहर पाण्यावर येतात,
दोन दिवसांनी एकदा, रात्रीच्या.
तीन वाजून बारा मिनिटं, चौतीस अंश :
तुटक्या कानाची मादी कुंडाच्या काठी,
पुढचे गुडघे टेकलेले,
पण तोंड पाण्याला लागलेलं नाही.
ती वर बघतेय, नेमकी माझ्याकडे,
म्हणजे मी नसतो तेव्हा जिथे मी असतो, तिथे.
मी लिहिलं, 'विचार करते.'
मस्कतहून फोन आला, असं लिहू नका.
खोडलं. लिहिलं, 'पाणी पिते,'
जे फोटोत नव्हतंच.

उन्हाळाभर उत्तरेच्या उतारावर असतात म्हणे,
रानऑलिव्हच्या फाटक्या सावलीत.
मला दिवसा दिसल्या त्या फक्त लेंड्या.
कालच्या की परवाच्या, हे बोटांना कळतं;
लहानपणी शेळ्या राखल्या होत्या,
नोकरीच्या अर्जात ते कुठेच लिहिलं नव्हतं.

नोव्हेंबरात वारा फिरला
आणि उकरलेली माती सापडू लागली,
सोललेली झुडपं, उग्र वास,
बोकडासारखा, तरी बोकडाचा नाही.
एका पहाटे कड्यावर तो स्वतःच उभा,
पाठीवरची आयाळ दाट, ओठ वर दुमडलेला,
मादी गेली त्या वाटेची हवा चाखत.
मी श्वास धरला तर दुर्बीणच हलायला लागली.
शिंगावरची वलयं मोज, खल्फान कुजबुजला.
आठ. त्यातलं एक दोऱ्याएवढं.
पाऊस आला नाही ते साल, तो म्हणाला,
आणि सालही सांगितलं.

त्या साली माझी मुलगी चालायला लागली.
मी ते फोनवर पाहिलं,
एक पाऊल, मग चित्र गोठलं,
मग ती एकदम दाराशी.

आज एप्रिलची चार तारीख, कॅमेरा नऊ.
तुटक्या कानाची पुढे,
आणि चौकटीच्या कडेला काहीतरी :
मागचे दोन पाय, शेपटीचं बोंडूक,
बाकीचं अजून आत यायचंय.
अर्धं पिल्लू मोजायचं नसतं, खल्फान म्हणतो, नियम आहे.
आम्ही बोनेटवर वही ठेवून बराच वेळ भांडलो,
चहा निवला.

मग मी लिहिलं, 'एक.'
वर्तनाचा रकाना त्याने भरला,
अरबीत, उजवीकडून, माझ्या अक्षरांना भिडेपर्यंत.
काय लिहिलंस, मी विचारलं.
गाडी सुरू कर म्हणाला.